फोटोला वाचा फुटते तेव्हा...

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही जुन्या घरात जा. सोप्यात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर, तुळईच्या थोडे खाली, पुढे झुकवून लावलेली तसबिरींची रांग दिसते. देवांच्या शेजारी फेटा बांधलेले पणजोबा. त्यांच्या बाजूला फौजी पोशाखातला कुणी तरुण. सातारा जिल्ह्यात तर हा फोटो नसलेले घर शोधावे लागेल. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे ४६ जण कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी याच जिल्ह्यातले. पाटण-जावळीकडे गेलात तर मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत गेलेल्या माणसाचा स्टुडिओतला फोटो असतो. विटा, खानापूर, आटपाडीकडे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या गलाई बांधवांचे फोटो असतात. मागे कुठल्या तरी दूरच्या शहरातले दुकान, पुढे खुर्चीवर ताठ बसलेले काका.

आता त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारा, "हे कोण रे?" तो म्हणेल, "आजोबांचे कुणीतरी." मग आत हाक जाईल, "आजी, हे कोण गं?" पदराला हात पुसत आजी बाहेर येईल आणि चष्मा न लावताच सांगू लागेल. नाव, गाव, कुणाची सोयरीक, कुठे नोकरी, स्वभाव कसा, कशाने गेले. पाच मिनिटांत तो भिंतीवरचा माणूस घरात वावरू लागतो.

ती आजी ज्या दिवशी नसेल त्या दिवसापासून तो फोटो "कुणीतरी" एवढाच उरतो. पुढे कधी घराला रंग द्यायचा निघाला की तसबिरी खाली उतरतात आणि त्यांतल्या काही पुन्हा वर चढत नाहीत. यात कुणाचा दोष असतो असे नाही. ज्याचे नाव माहीत नाही त्याला भिंतीवर किती दिवस ठेवणार?

पाण्याने नेलेले, काळाने नेलेले

ऑगस्ट २०१९ मधला कृष्णेचा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला नाव उलटून माणसे गेली. जिथे माणसे गेली तिथे फोटोंचे दुःख करू नये, हे खरेच. पण पाणी ओसरल्यावर लोक घरी परतले तेव्हा चिखलातून काय काय निघाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना एक गोष्ट आठवत असेल. गाद्या, धान्य, टीव्ही बाहेर टाकताना बायकांचे हात थांबत नव्हते. लग्नाच्या अल्बमपाशी मात्र ते थांबत. पाने एकमेकांना चिकटलेली, चेहऱ्यांचे रंग ओघळून गेलेले. धान्य पुन्हा भरता येते, टीव्ही हप्त्याने येतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या मांडवात हसणारी आई कुठल्या दुकानातून आणायची?

पुराची निदान बातमी होते, पंचनामा होतो. काळाने नेलेल्या आवाजाचा मात्र पंचनामा कुणी करीत नाही. कुणाच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींत कोणीतरी हमखास म्हणते, "त्यांना विचारून घ्यायला हवं होतं." सगळे माना हलवतात, चहा येतो आणि विषय संपतो.

हे विचारून घेण्याचे एक साधे, स्वस्त आणि घरच्या घरी करता येण्याजोगे साधन आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याविषयीच आज लिहायचे आहे. दहा-बारा फोटो, त्यांवर घरातल्याच माणसाचा आवाज, आणि सारे मिळून दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीत. तिला कुणी 'डिजिटल गोष्ट' म्हणतात. मी तिला बोलता फोटो म्हणते.

तीन मिनिटांचे सांगणे

या पद्धतीला शिस्त लावली ती अमेरिकेत. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक केंद्र सुरू केले. तिथे कधीही कॅमेरा न धरलेली माणसे येत. प्रथम सगळी गोल करून बसत आणि प्रत्येक जण आपली गोष्ट इतरांना तोंडी सांगे. मग ती एखाद्या पानात लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि घरून आणलेले फोटो तिला जोडायचे. तीन दिवसांत गोष्ट तयार. पुढे २००१ मध्ये बीबीसीने वेल्स प्रांतात हाच उपक्रम गावोगाव नेला. त्यामागे डॅनियल मेडोज नावाचा छायाचित्रकार होता. याच गृहस्थाने १९७३ मध्ये एक जुनी दुमजली बस घेऊन इंग्लंडभर फिरत रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले होते आणि ज्याचा फोटो त्याला फुकट दिला होता. नुसता फोटो पुरत नाही, त्या माणसाचे म्हणणेही त्याच्याच तोंडून यायला हवे, हे वेल्समधल्या या उपक्रमाचे सूत्र होते.

हे सारे वाचताना मला मात्र सारखे वाटत होते, की अहो, हे तर आपलेच! सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले. एकेक चित्र समोर धरायचे आणि वीणा-टाळाच्या साथीने त्यातली कथा सांगायची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' उभी केली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोतात पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि बाजूने निवेदन, गाणे. आणि खुद्द सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा काय होते? कथा पदांतून गाऊन पुढे न्यायची ती सूत्रधाराने. पात्रे त्यानुसार वावरत, मध्ये आपले भाषण उत्स्फूर्त करीत. चित्र समोर आणि आवाज बाजूने, हा संसार आपल्या मातीला परका नाही.

फरक एवढाच, की तेव्हा गोष्ट रामाची किंवा पांडवांची असे. आता ती पाटण तालुक्यातल्या माझ्या आत्याची असू शकते.

कोट आणि घड्याळ

आत्याने मला हे लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर : नाव आणि गाव घालायचे नाही. ते पाळून सांगते.

आत्याचे यजमान मुंबईत गिरणीत होते. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, महिन्याला मनिऑर्डर करायची आणि जत्रेला गावी यायचे. आत्याच्या सोप्यात त्यांचा एकच फोटो आहे. लालबागच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला बंगला आणि कारंजे, अंगात गडद कोट, आणि डावा हात असा ठेवलेला की मनगटावरचे घड्याळ नेमके दिसावे. आम्ही सगळी भाचरे लहानपणापासून हा फोटो पाहत आलो. मुंबईला मामांचे चांगले चालले होते, अशी आमची समजूत त्या कोटावरूनच झालेली.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार दिवस राहिले. फोन समोर धरून "आत्या, बोल" म्हटले की ती शाळेतल्या समारंभासारखी ताठ व्हायची, आवाजही बदलायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिच्या परवानगीने फोन शेजारच्या सुपाआड ठेवला आणि भिंतीवरून तो फोटो काढून तिच्या मांडीवर दिला. ती बराच वेळ काच पदराने पुसत राहिली. मग म्हणाली,

"कोट त्यांचा न्हवं. फोटूवाल्याचा. तिथं खुंटीला असायचा, येईल त्याला घालाय द्यायचा. घड्याळ तेवढं सवताचं. संपात इकलं."

पाच वाक्ये. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, डॉ. दत्ता सामंत नेते होते, आणि त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. पण तो संप पाटण तालुक्यातल्या एका घरात कसा शिरला, हे मला त्या घड्याळाने सांगितले. पुढे ती बोलत गेली. मनिऑर्डर थांबली त्या महिन्याविषयी, पोस्टमन दारावरून न थांबता गेला की सासू काय म्हणायची त्याविषयी, दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊ लागली त्याविषयी. मामा गावी परत आले तेव्हा त्यांच्या मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा राहिला होता. "तेवढंच गोरं राह्यलं हुतं," ती म्हणाली आणि हसली.

चाळीस मिनिटांचे बोलणे झाले. त्यातली अडीच मिनिटे निवडली आणि त्यांना अकरा फोटो जोडले. गंमत म्हणजे जुना फोटो त्यात एकच. पण तो तीन वेळा आला. आधी पूर्ण, मग फक्त कोट, मग फक्त घड्याळ. बाकीचे मीच त्या चार दिवसांत काढले होते. आत्याचे शेंगा फोडणारे हात, जोते, पोस्टाचे जुने पासबुक, दारासमोरून खाली जाणारी पायवाट.

ज्यांच्या घरी फोटोच नाहीत त्यांनी हे ध्यानात घ्यावे. गरिबाघरी फोटो काढायला पैसे कुठे होते? आणि असले तरी धरण, भूकंप, पूर यांतून ते टिकलेच असतील असे नाही. पण जाते असते, विळा असतो, रेशनकार्ड असते, चंची असते, आणि ज्यांनी हे सारे वापरले ते हात असतात. त्यांचेही फोटोच होतात.

गोष्ट कुणाची?

चित्रफीत तयार झाल्यावर रात्री घरच्या सगळ्यांनी पाहिली. संपल्यावर कुणी काही बोलले नाही. मग आत्येभाऊ म्हणाला, "ताई, चांगलं झालंय, पण ते घड्याळाचं काढून टाक. लोकांना दाखवायचं ते चांगलं दाखवावं. आता आपलं काय कमी आहे?"

त्याचे म्हणणे मला अगदी समजत होते. वडिलांनी भाड्याचा कोट घातला होता, हे त्यालाही त्याच रात्री कळले होते. भिंतीवरच्या कोटाकडे पाहत तो मोठा झाला. तो कोट त्याच्या डोळ्यांदेखत कुणीतरी उतरवला होता. मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "इकलंच हुतं, चोरलं न्हवतं. ऱ्हाऊ दे."

भाऊ उठून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "पुन्हा लाव."

या सगळ्या उद्योगातला सर्वांत नाजूक भाग हाच. फोन, कॅमेरा, जुळवाजुळव हे कुणीही शिकते. पण एका माणसाची गोष्ट म्हणजे चार माणसांचे गुपित असते. म्हणून मी तीन नियम घालून घेतले आहेत. पहिला : ज्याची गोष्ट, शेवटचा शब्द त्याचा. तो "काढ" म्हणाला की काढायचे, "राहू दे" म्हणाला की ठेवायचे. दुसरा : तयार चित्रफीत आधी सांगणाऱ्याला दाखवायची, मग घरच्यांना, बाहेर जायची असेल तर पुन्हा विचारून. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा गेलेली वस्तू परत आणता येत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना आपण नीट समजावून सांगायला हवे. तिसरा : माणूस जिथे थांबेल तिथे आपण थांबायचे. त्या रात्री माझ्या भाचीने विचारले, "आजी, मग ते घड्याळ घेतलं कुणी?" आत्या म्हणाली, "त्ये माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." राहू दिले. सगळे सांगून टाकणे म्हणजे गोष्ट नव्हे.

शब्द कोणता वापरायचा हेही सांगणाऱ्याच्या हाती असावे. याचे मोठे उदाहरण सांगलीतच आहे. ७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यात शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेने इंग्रज सरकारचा पैसा नेणारी गाडी अडवली. कागदोपत्री ती लूट. पण तूफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, वयाच्या नव्वदीनंतरही या शब्दाला हरकत घेत. इंग्रजांनी आपल्याकडून लुटलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या मुलाखती, फोटो, चित्रफिती आहेत. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. त्यांची हरकत मात्र त्यांच्या आवाजात राहिली. एका शब्दाला घेतलेली हरकत पुढच्या पिढीपर्यंत पोचावी, यासाठी आवाज लागतो; नुसता फोटो ते करू शकत नाही.

थोडे तंत्राविषयी

हे वाचून कुणाला उमेद आली तर उपयोगी पडाव्यात, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

जुन्या फोटोचा फोटो काढताना तो शक्य तर काचेतून बाहेर घ्यावा. खिडकीजवळ, सावलीच्या उजेडात सपाट ठेवावा आणि फोन वरून अगदी सरळ धरावा. फ्लॅश वापरू नये, चकाकी येते. फोटोची मागची बाजूही टिपावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी अक्षरातला एखादा शब्द तिथे असतो, आणि कधी कधी अर्धी गोष्ट त्या शब्दातच असते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये; फाटतो. पानासकटच टिपावा. पुरात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढाताण न करता स्वच्छ गार पाण्यात हलकेच सोडवावेत आणि चेहरा वर करून, सावलीत, सुती कापडावर वाळवावेत.

आवाज आधी, फोटो नंतर. हा क्रम उलटा केला की गोष्ट फोटोंच्या मागे फरपटते. आवाज टिपताना फोन विमानातल्या स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येत नाही. पंखा बंद. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधड्या-वाकळांची चवड असलेली खोली उत्तम; आपल्या माजघराइतका चांगला स्टुडिओ नाही. "तुमच्या आयुष्याविषयी सांगा" असे विचारू नये. त्याने माणूस गांगरतो. हातात एखादी वस्तू किंवा फोटो द्यावा आणि "हा कोट कुणाचा?" असे लहानसे विचारावे. मग आपण गप्प बसावे. माणूस थांबला की लगेच दुसरा प्रश्न टाकण्याची आपल्याला घाई असते. ती आवरावी. थांबल्यानंतर जे येते तेच बहुधा खरे असते.

स्वतःचीच गोष्ट सांगायची असेल तर आधी लिहून काढावी. अडीचशे शब्द, फार तर तीनशे. जन्मापासून सुरू करू नये. एक प्रसंग, एक वस्तू, एक निर्णय घ्यावा. लिहिलेले मोठ्याने वाचून पाहावे आणि जिथे जीभ अडखळेल तो शब्द बदलावा. बोली बदलू नये. "नव्हते" आणि "न्हवतं" यांत व्याकरणाचा फरक असेल, पण नातवाच्या कानाला आजी ओळखू येते ती दुसऱ्यात.

फोटो दहा ते पंधरा पुरे. एकेक आठ-दहा सेकंद राहू द्यावा. जे आवाज सांगतो आहे तेच फोटोनेही दाखवायला हवे असे नाही. आत्या पोस्टमनविषयी बोलत असताना समोर नुसती रिकामी पायवाट होती, आणि तीच सर्वांच्या मनात राहिली. फोटो जोडण्याची साधने फोनवर फुकट मिळतात. घरातला आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी ते तासाभरात करून देते. तेवढ्यासाठी तरी आजी आणि नात एका फोनवर डोके घालून बसतात, हा लाभ वेगळाच. संगीत घालायचा मोह होतो, विशेषतः एखाद्या सिनेमाच्या करुण गाण्याचा. तो टाळावा. आजीच्या आवाजाला साथीची गरज नसते. मागे कोंबडी ओरडली तर ओरडू द्यावी.

हल्ली फोटोतला माणूस हलवून दाखवणारी, आणि गेलेल्या माणसाच्या आवाजात वाटेल ते वदवून घेणारी यंत्रेही आली आहेत. ती करमणूक ज्याची त्याला लखलाभ. माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालणे, हे निदान आपल्या वाडवडिलांच्या बाबतीत तरी करू नये.

आणि शेवटचे, जतन करण्याविषयी. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफीत नेहमीसारखी पाठवली की ती आक्रसते; दस्तऐवज म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. तीन प्रती ठेवाव्यात. एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर किंवा संगणकात आणि एक दुसऱ्या गावी. एकेकाळी या मुलखातला बराच भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पण सोयरिकींना ही हद्द कधी कळलीच नाही. सांगलीच्या लेकी साताऱ्यात आहेत, साताऱ्याच्या सांगलीत. तेव्हा सांगलीची प्रत साताऱ्याच्या लेकीकडे असू द्यावी. कृष्णा पुन्हा वर चढली तर भिंती भिजतील, गोष्ट भिजणार नाही.

भिंतीवरून बाहेर

सामान्य माणसाने, त्यातही सामान्य बाईने, स्वतःविषयी काय सांगायचे, हा संकोच आपल्याकडे जुना आहे. पण तो मोडायलाही याच भागातून सुरुवात झाली आहे. १९२० पासून किर्लोस्करवाडीच्या कारखान्याशेजारून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि १९३० मध्ये 'स्त्री'. माळरानावरच्या एका वसाहतीतून निघणाऱ्या त्या मासिकात घराघरांतल्या बायकांनी आपले अनुभव लिहिले. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. जाती थांबली होती. आवाज थांबण्याआधी त्या पोचल्या. माण तालुक्यात म्हसवडला, जिथे चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये महिलांची सहकारी बँक काढली, तिथेच २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले आणि दुष्काळी गावांतल्या बाया माइकसमोर बसल्या.

हे संस्थांचे काम झाले. पण संस्था प्रत्येक घरात पोचू शकत नाही. तुमच्या सोप्यातल्या तिसऱ्या तसबिरीतला माणूस कोण, हे विचारायला पुण्या-मुंबईहून कुणी संशोधक येणार नाही. ते तुम्हीच विचारायचे आहे. शाळांनी मनावर घेतले तर एका दिवाळीच्या सुट्टीत, एका वर्गातून, चाळीस घरांच्या चाळीस गोष्टी जमतील. कर्मवीर भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळ काल्यात स्थापन झाली, तेव्हापासून या मुलखातल्या कितीतरी घरांतली पहिली अक्षरे तिच्या शाळांतून आली. त्या अक्षरे न शिकलेल्या पिढीचे ऐकून घेणे, हा त्याच धड्याचा पुढचा भाग म्हणायला हवा. निबंधाला विषय हवाच असतो. 'माझी आजी' हा निबंध आजीला न विचारता लिहिण्याची पद्धत तेवढी बंद करावी.

मोठे काही करायला नको. आज रविवार आहे. दुपारची जेवणे झाली की घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाजवळ बसा. एकच तसबीर भिंतीवरून खाली घ्या, काच पुसा आणि त्यांच्या हातात द्या. पंखा बंद करा. थोडे उकडेल, पण तेवढे चालेल.